चारशे किलो बीड, पंचावन्न ग्रॅम हवा

१८० अंशांवर तापलेल्या ७० लिटरच्या ओव्हनमध्ये हवा किती असते? वजनात सांगायचं तर ५५ ग्रॅमच्या आसपास. तापली की हवा विरळ होते, म्हणून आत एवढीच उरते. तिच्यातली सगळी उष्णता पिळून काढली तरी १०० मिलिलिटर पाणी जेमतेम २१ अंशांनी तापेल. कपभर चहासुद्धा होणार नाही. आणि तरी याच पोकळीत किलोभर केकचं मिश्रण ठेवलं की तासाभरात ते फुगतं, आतून शिजतं, वरून खरपूस होतं.

मग केक भाजतं कोण?

बराचसा भिंती भाजतात. तापलेला पत्रा डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत फेकत असतो आणि पदार्थ ते शोषून घेतो. हवेचं काम मध्यस्थीचं: कॉइलकडून, भिंतीकडून चिमूटभर उष्णता उचलायची, पदार्थावर नेऊन टाकायची, पुन्हा मागे फिरायचं. उरलेला वाटा खालच्या ट्रेचा, थेट स्पर्शाने. हे तिघे किती निराळे आहेत ते दार उघडताच समजतं. २०० अंशांच्या हवेत हात क्षणभर सहज जातो. त्याच २०० अंशांच्या ट्रेला बोटाचं टोक लागलं तर फोड येतो. तापमान सारखंच, पण उष्णता देण्याची ऐपत वेगळी.

स्वयंपाकघरात रेंज कुकर उभा करायचा की भिंतीतल्या कपाटात बिल्ट-इन ओव्हन बसवायचे, या प्रश्नाच्या मुळाशी हीच ऐपत आहे. दुकानात मात्र बोलणं होतं ते रंगाचं, मुठींचं आणि काचेवर लुकलुकणाऱ्या आकड्यांचं.

हा प्रश्न मूळचा ब्रिटनमधला. तिथल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीत धुराड्याचा भलामोठा कोनाडा असतो आणि त्यात काहीतरी भारदस्त उभं राहावं अशी त्या भिंतीचीच अपेक्षा असते. रेंज कुकर म्हणजे ९०, १०० किंवा ११० सेंटिमीटर रुंदीचं धूड: वर पाच-सहा बर्नर, पोटात दोन-तीन ओव्हन, सगळं एकाच अंगात आणि थेट जमिनीवर. बिल्ट-इन ओव्हन म्हणजे ६० सेंटिमीटरच्या कपाटात सरकवलेला डबा. शेगडी ओट्यावर वेगळी. लंडन-लेस्टरकडे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना यातून निवड करावी लागतेच, आणि आता पुण्या-मुंबईच्या मॉड्यूलर किचनच्या शोरूममध्येही दोन्ही पाहायला मिळतात. घोळ असा, की ‘रेंज’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या जाती विकल्या जातात. एक जात उष्णता साठवते. दुसरी दिसते पहिलीसारखी, पण तिच्या पोटात साधेच ओव्हन असतात. साठवणाऱ्या जातीची कहाणी आधी सांगतो, कारण ती एका दीपगृहापासून सुरू होते.

गुस्ताफ डालेन हा स्वीडनचा इंजिनिअर. समुद्रातल्या बोयांवर आणि दीपगृहांवर अॅसिटिलीन वायूचे दिवे जळत. रोज संध्याकाळी ते लावायला आणि सकाळी विझवायला माणूस कुठून आणणार? डालेनने एक झडप बनवली. मधे एक काळा दांडा, भोवती तीन चकचकीत दांडे. दिवस उजाडला की काळा दांडा उजेड पितो, तापतो, बाकीच्यांपेक्षा केसभर लांबतो आणि तेवढ्या लांबीने वायूची वाट बंद करतो. अंधार पडला की आखडतो, वाट मोकळी होते, दिवा पेटतो. माणूस नाही, घड्याळ नाही, वीज नाही. वायूच्या दिव्यांच्या अशा स्वयंचलित नियंत्रकांसाठी डालेनला १९१२ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अॅसिटिलीनच्या एका चाचणीत स्फोट झाला आणि त्याची दृष्टी कायमची गेली. पारितोषिक घ्यायला त्याचा भाऊ अल्बिन गेला, जो स्वतः डोळ्यांचा डॉक्टर होता.

आंधळेपण आलं तरी डालेनने दिव्यांची आपली कंपनी सोडली नाही. पुढची पंचवीस वर्षं तोच ती चालवत होता. पण दृष्टी गेल्यावर घरात बराच वेळ जाऊ लागला, आणि पत्नी एल्मा दिवसभर चुलीशी किती झगडते हे त्याला दिसत नसूनही उमगलं. कोळसा टाका, राख काढा, आच वाढली की भांडं उचला, कमी झाली की फुंका. इतक्या नेमाने जळणारा दिवा ज्याने समुद्रात ठेवला, त्याला घरातल्या चुलीचा हा बेशिस्तपणा पटणं शक्य नव्हतं. १९२२ साली त्याने आपल्या कुकरचं पेटंट घेतलं. कंपनीच्या लांबलचक स्वीडिश नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला नाव पडलं, आगा.

आगाच्या पोटात एक लहानशी आग असते, बस एकच. तिच्याभोवती बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जाडजूड अंग. आगीतली उष्णता या बिडातून वाहत जाते: जवळच्या ओव्हनला जास्त, लांबच्याला कमी. भाजण्याचा ओव्हन २४० अंशांच्या आसपास, मंद शिजवण्याचा ११० च्या आसपास. वर दोन तवे, एक उकळीचा आणि एक मंद आचेचा, आणि दोघांवर जाड झाकणं, कारण उघडा तवा म्हणजे उष्णतेला पडलेलं भोक. सगळ्याभोवती आवरण कीझेलगूरचं. ही एक पांढुरकी माती; लाखो वर्षांपूर्वी पाण्यात मेलेल्या डायटम नावाच्या एकपेशी जिवांच्या काचेरी कवचांची बनलेली. प्रत्येक कवच पोकळ, त्यात अडकलेली हवा स्थिर, म्हणून उष्णता तिथून सहजी पुढे सरकत नाही. आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीन जिरवून डायनामाइट केलं तेही याच मातीत. एका नोबेलने तिच्यात स्फोट बांधून ठेवला, दुसऱ्याने नोबेल मिळवून तिच्यात स्वयंपाकघराची ऊब कोंडली.

दोन ओव्हनची जुन्या घडणीची आगा ४०० किलोच्या घरात जाते. त्यातलं नुसतं १०० किलो बीड खोलीच्या तापमानापासून २०० अंशांनी वर चढलं असं धरलं, तरी त्यात अडीच युनिट विजेइतकी उष्णता साठते. सुमारे सत्तावीस लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी. सुरुवातीच्या त्या ५५ ग्रॅम हवेच्या हजारपट. म्हणून आगाचं दार उघडलं, सगळी गरम हवा भसकन बाहेर गेली, तरी ओव्हनला त्याचं काही वाटत नाही. नवी हवा आत येते आणि भिंती तिला बघता बघता तापवतात.

या भिंतींची आणखी एक गंमत आहे. योझेफ स्टेफानने १८७९ साली व्हिएन्नात दाखवून दिलं, की तापलेल्या वस्तूचे किरण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात. म्हणजे १८० वरून २४० अंशांवर गेलात तर आकडा एक तृतीयांशाने वाढलेला दिसतो, पण भिंत फेकते ते किरण दीडपटीहून अधिक होतात. मांसाचा मोठा तुकडा किंवा पाव आगात चहूबाजूंनी सारखा भाजतो, वाळत नाही, याचं श्रेय आगाचे भक्त तिच्या ‘स्वभावा’ला देतात. थोडं चौथ्या घातालाही द्यायला हरकत नाही.

अशा कुकरवर आच कमी-जास्त करायचं बटण नसतं. आच जिथल्या तिथे असते, भांडं हलवायचं. आपल्या चुलीला याचं नवल वाटलं नसतं: पुढे जाळावर भाकरी, मागे वैलावर भात किंवा आमटी मुरत, आग एकच. आगाचा मंद तवा तर बिडाचा तवाच. ब्रिटिश लोक त्याच्यावर थेट धिरड्यासारखे छोटे स्कोन टाकतात. अडचण येते ती फोडणीला. तेल तापवा, मोहरी तडतडली की आच झटकन खाली आणा, हे या यंत्राला जमत नाही. कढई उचलून बाजूला करायची एवढाच उपाय. आणि आगाच्या ओव्हनचा वास स्वयंपाकघरात येत नाही, तो धुराड्यातून बाहेर जातो. त्यामुळे आत ठेवलेलं साफ विसरून जाणं आणि दोन दिवसांनी दार उघडल्यावर कोळसा सापडणं, हा आगावाल्या घरांचा नेहमीचा किस्सा.

मंद ओव्हनचं मोल कळलं तेही असंच, आत राहून गेलेल्या मांसातून. काउंट रम्फर्ड, मूळचा अमेरिकेतला बेंजामिन थॉम्पसन, म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या इलेक्टरच्या, म्हणजे तिथल्या शासकाच्या, चाकरीत होता. तोफा पोखरताना घर्षणाने किती उष्णता निघते ते मोजून, उष्णता हा कसला द्रव नसून ती हालचालच आहे असं मांडणारा तोच, आणि उघड्या चुली अन्नापेक्षा स्वयंपाक्यालाच जास्त भाजतात म्हणून विटांच्या बंदिस्त चुली बांधणाराही तोच. एकदा त्याने बटाटे वाळवायच्या यंत्रात मेंढीचा खांदा शिजायला ठेवला. तीन तासांत काहीच झालं नाही. कंटाळून त्याने नाद सोडला; नोकरांनी मांस रात्रभर तसंच आत राहू दिलं. सकाळी पाहतो तर इतकं मऊ आणि रुचकर मांस त्याने कधी खाल्लं नव्हतं. चिवट मांसातलं कोलॅजन ७० अंशांच्या आसपास तासन्‌तास राहिलं की जिलेटिन होऊन विरघळतं, याचा खुलासा खूप नंतर झाला.

आगा १९२९ मध्ये ब्रिटनला आली आणि तिथलीच झाली. तिचं बीड पुढे कोलब्रुकडेलला ओतलं जाऊ लागलं, जिथे अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये लाकडी कोळशाऐवजी कोकवर लोखंड वितळवून दाखवलं होतं. ती ओतशाळा २०१७ मध्ये बंद झाली. आगा दारोदार विकणाऱ्या एका तरुणाने १९३५ साली विक्रेत्यांसाठी पुस्तिका लिहिली. तो डेव्हिड ओगिल्वी, पुढे जाहिरातीच्या जगातलं मोठं नाव.

आता हिशेब. आवरण कितीही चांगलं असलं तरी चोवीस तास तापलेलं बीड चोवीस तास झिरपतं. सरासरी एक किलोवॅट जरी गळती धरली तरी दिवसाला २४ युनिटं, आठवड्याला १६८. यॉर्कशायरच्या दगडी घरात ही गळती वाया जात नाही. तिथे ती घराची ऊब असते, ओले मोजे वाळवते, मांजराला जागा देते. नागपुरात मे महिन्यात तीच गळती म्हणजे शिक्षा. नव्या विजेच्या आगा हवं तेव्हा बंद करता येतात, पण बंद केलेली आगा म्हणजे तापायला वेळ खाणारं लोखंड. माझं मत सरळ आहे: घर थंड नसेल तर उष्णता साठवणारी रेंज घेऊ नये.

बिल्ट-इन ओव्हनचं तत्त्व उलटं. साठवायचं काही नाही. हवी तेव्हा बोलवायची, काम झालं की निरोप द्यायचा. भिंती पातळ पोलादाच्या, आतून इनॅमलच्या. १०-१५ मिनिटांत तयार. पण पातळ भिंत लवकर तापते तशी लवकर निवतेही. म्हणून तिला राखणदार लागतो, आणि इथे डालेनच्या झडपेचं चुलत भावंड भेटतं. ब्रिटनमध्ये १९२३ साली गॅसच्या ओव्हनवर ‘रेग्युलो’ नावाचा नियंत्रक आला. ‘गॅस मार्क ४’ ही तिथल्या पाककृतींची भाषा त्याच्या आकड्यांची. अशा दांड्याच्या थर्मोस्टॅटमध्ये एक पितळी नळी असते, तिच्यात इन्व्हारची कांडी. इन्व्हार म्हणजे लोखंड आणि निकेलचा मिश्रधातू, जो तापला तरी जवळजवळ वाढतच नाही. तो शोधणाऱ्या शार्ल एद्वार गीयोमला १९२० चं नोबेल मिळालं. पितळ लांबतं, इन्व्हार लांबत नाही, आणि त्या केसभर फरकाने वायूची वाट आवळली जाते. समुद्रातल्या दिव्याला उजेड कळतो त्याच रीतीने ओव्हनला आपली आच कळते.

पातळ भिंतींची उणीव भरून काढायला पंखा आला. विमानात गोठवलेली जेवणं गरम करण्यासाठी विल्यम मॅक्सन या अमेरिकनाने १९४५ च्या सुमारास पंख्याचा ओव्हन बनवला. पंखा उष्णता निर्माण करत नाही. ओल्या पदार्थाभोवती त्याच्याच वाफेची एक थंडशी, निश्चल गादी असते. पंखा ती खरवडून काढतो. उष्णता लवकर पोचते, पृष्ठभाग लवकर कोरडा होतो, आणि कोरडा झाल्याशिवाय तो १०० अंशांपलीकडे जातच नाही. त्यापलीकडे गेल्यावरच खरपूस रंग धरतो, अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्या त्या अभिक्रियेने, जिच्यावर लुई-कामीय मेयारने पॅरिसमध्ये निबंध मांडला तेही साल १९१२च. पाककृतीत २०० लिहिलं असेल तर पंख्यावर १८० लावा, असं सांगतात ते या खरवडण्यामुळे. नाजूक स्पंज केकला मात्र हा वारा सोसत नाही. पंखा बंद करता येईल असाच ओव्हन घ्यावा.

ओव्हन किती वीज खातो हे युरोपात मोजतात कसं, ते ऐकून मी थक्क झालो होतो. केक नाही, कोंबडी नाही; एक वीट. ठरावीक जातीची सच्छिद्र वीट, कोरडी असताना ९२० ग्रॅम, पाणी पिऊन आणखी किलोभर जड झालेली. ती गार करून ओव्हनमध्ये ठेवायची, मध्यभागी तापमापक खुपसायचा आणि तिचं काळीज ५५ अंशांनी तापेपर्यंत किती वीज लागली ते बघायचं. पाणी आणि वीट मिळून एवढं तापवायला लागणारी उष्णता मी कागदावर मांडली तर ०.०८ युनिट येते. प्रत्यक्षात चांगले ओव्हन ०.७ ते ०.९ युनिट घेतात. म्हणजे दहातला जेमतेम एक हिस्सा अन्नात जातो. बाकीचा भिंती, जाळ्या, दाराच्या तीन काचा तापवण्यात, वाफेत आणि गळतीत. मोठा ओव्हन घेतला की हे बाकीचे नऊ हिस्से वाढतात, अन्नातला एक वाढत नाही. दोघा-तिघांच्या घराने मोठ्या पोकळीचा मोह का टाळावा, ते या विटेला विचारावं.

काही बिल्ट-इन ओव्हनांत पायरोलिसिस असतं: दार आपोआप कुलूपबंद होतं, आतलं तापमान ५०० अंशांजवळ जातं, भिंतीवरचं चिकट तूप-तेल जळून चिमूटभर राख उरते, ती ओल्या फडक्याने पुसायची. भोवतीच्या लाकडी कपाटाला धग लागू नये म्हणून एक वेगळा पंखा गार हवा खेळवत राहतो. ओव्हन बंद केल्यावरही तो घरघरतो, नवीन लोक त्याला बिघाड समजतात. वाफेचे ओव्हनही याच ६० सेंटिमीटरच्या चौकटीत बसतात. वाफ १०० अंशांचीच, पण गार पदार्थावर तिचं पाणी होताना ग्रॅममागे २२६० ज्यूल मोकळे होतात. ५५ ग्रॅम कोरड्या हवेपेक्षा चार-पाच ग्रॅम वाफ जास्त देऊन जाते. उकडीच्या मोदकांना ओव्हनची गरज कधीच का पडली नाही, ते यात आलं.

राहिली ती दुसरी जात, आजकाल सर्वाधिक विकली जाणारी. आगासारखी रुबाबदार, पितळी दांडी, आत मात्र पातळ भिंतींचे साधे ओव्हन. हिच्यात साठवण नाही, तेव्हा तिला उष्णतेच्या नव्हे, जागेच्या हिशेबाने तोलावं. शेगडी रुंद मिळते. मोठं पातेलं, कढई आणि तवा एकमेकांना न धडकता बसतात, आणि सणाला बारा-पंधरा पानं वाढणाऱ्या घरात याची किंमत कळते. पण ओव्हन गुडघ्याच्या पातळीवर. भरलेला तापलेला ट्रे वाकून बाहेर काढणं पन्नाशीनंतर सुखाचं नसतं. बिल्ट-इन ओव्हन छातीच्या उंचीवर बसवता येतो. शिवाय एका अंगात सगळं असल्यामुळे एक भाग बिघडला तर अख्खं धूड बाजूला ओढावं लागतं. बिल्ट-इन बिघडला तर ६० सेंटिमीटरच्या त्याच खाचेत दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा सरकवता येतो. ही मुभा फार मोठी आहे, आणि जाहिरातीत ती कधीच नसते, कारण ती कुठल्याच एका कंपनीच्या फायद्याची नाही.

मला विचाराल तर पुण्यातल्या फ्लॅटसाठी छातीच्या उंचीवर एक बिल्ट-इन ओव्हन आणि ओट्यावर चांगली रुंद शेगडी. दोन ओव्हन लागतीलच असं वाटत असेल तर दुसरा लहान घ्यावा, वाफेचा असला तर उत्तम. ब्रिटनमध्ये धुराड्याचा कोनाडा रिकामा असेल आणि घरात माणसांचा राबता असेल तर रेंज खुशाल घ्या, पण आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा: एकटा ओव्हन तीनेक किलोवॅटमध्ये भागतो, इंडक्शनच्या रेंजला स्वतंत्र जाड वायर लागते. आणि दुकानात जाताना घरातला सगळ्यात मोठा ट्रे पिशवीत घालून न्या. बाहेरून ११० सेंटिमीटर दिसणारी रेंज आतून दोन-तीन अरुंद पोकळ्यांत वाटलेली असते, आणि काहींमध्ये नेहमीचा ट्रे आडवा जातच नाही.